पिकअपची बॅटरी बदलायची आहे, कोणती घेऊ? (सोलापूर)

कांदालाईन:
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, डिझेल, सेकंडहँड घेतलेली. मंद्रूपकडून मार्केट यार्डात कांदा आणतो, परतीला सिमेंट, पत्रे, किराणा जे मिळेल ते. सीझन तोंडावर आलाय आणि नेमकी आत्ताच बॅटरीनं मान टाकली. यार्डाबाहेर रात्रभर लाईनीत थांबावं लागतं. पहाटे नंबर लागतो तेव्हा सेल्फ नुसता 'टक' म्हणतो आणि गप्प. भरलेल्या गाडीला धक्का मारायला हमालांना किती वेळा हात जोडायचे?

बॅटरी आधीच्या मालकानं बसवलेली आहे, बिलावरून दीड वर्षाची दिसते. तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो पासष्टची घ्या, दुसरा म्हणतो ऐंशी, तिसरा म्हणतो ट्रॅक्टरची शंभरची टाका आणि विसरून जा. भावात दोन-अडीच हजारांचा फरक पडतोय.

माझे प्रश्न: किती अँपिअरची? कंपनी कोणती? मेंटेनन्स फ्री की पाणी घालायची?

बाळीवेस:
आधी हमालांना चहा पाजा. बाकी तज्ज्ञ येतीलच.

माळरान:
शंभरची टाका. माझ्या ट्रॅक्टरला आहे, पाच वर्षं हात लावलेला नाही. डिझेल इंजिनला दम लागतो, लहान बॅटरी टिकत नाही.

पुणेकर_सध्या:
अँपिअर-अवरपेक्षा (म्हणजे बॅटरीत एकूण किती करंट साठतो त्यापेक्षा) सीसीए बघा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायची ताकद. तो आकडा जितका मोठा तितका सेल्फ जोरात. बाहेरच्या देशात लोक बॅटरी घेताना आधी तोच आकडा विचारतात.

बाळीवेस:
तो आकडा उणे १८ अंशाला मोजतात ना साहेब? आमच्याकडं उणे १८ फक्त आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये असतं. मे महिन्यात ४३-४४ ला काय होतं त्याचा आकडा कुणी छापतो का बघा.

पुणेकर_सध्या:
हसू नका, मुद्दा तेवढा सोपा नाही. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांत तुलना करायला सीसीए उपयोगी आहेच. पण उष्णतेचं म्हणणं मान्य. सीसीए वाढवायचा तर त्याच डब्यात जास्त संख्येनं आणि पातळ प्लेटा बसवाव्या लागतात, आणि गरम हवेत पातळ प्लेट लवकर खाल्ली जाते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो, आयुष्य त्याच हिशोबात घटतं. म्हणून जी बॅटरी थंड गावात पाच वर्षं जाते ती सोलापुरात अडीच-तीन वर्षांत गेली तर कंपनीला शिव्या घालू नयेत.

तारवाला:
मालक, बॅटरी घ्यायची घाई करू नका की ओ. आदी सांगा, डायनामो तपासलाव का? गाडी बंद असताना करंट कुठं गळतोय का ते बगितलाव का? दीड वर्सात बॅटरी गेली म्हणजे बॅटरीच वाईट असं नसतंय. आमच्याकडं रोज गाड्या येतात, बॅटरी नवी, दुखणं जुनंच. चार महिन्यानं तोच माणूस परत येतोय, 'बॅटरी फॉल्टी दिलाव' म्हणून भांडतोय.

एक मल्टिमीटर आणा. तीन-चारशेचा चालतोय. मग असं करा.

रातभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारायच्या आदी, दोन टर्मिनलवर व्होल्ट बगा. १२.६ च्या वर म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धं. १२ च्या खाली आलं तर बॅटरी उपाशी हाय, आन् उपाशी ठेवली की प्लेटांवर पांढरा थर धरतोय, मग ती कितीबी चार्ज करा, भरत न्हाई.

मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आन् तेवढ्यात मीटर बगा. साडेनऊच्या खाली घसरलं तर बॅटरी तरी कमजोर नायतर उपाशी.

गाडी चालू झाली की हेडलाइट, पंखा लावून थोडा रेस द्या. १३.८ ते १४.५ च्या मधी पायजे. कमी आलं तर डायनामो, बेल्ट, कटआउट (म्हणजे डायनामोचे व्होल्ट आवरून धरणारा भाग) बगा. १४.८ च्या वर गेलं तर कटआउट गेलाय, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतोय.

अजून एक. सेल्फ मारताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आन् दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी सडली. शंभरात दहा गाड्यांना एवढंच असतंय, पट्टी बदलली की काम संपलं. लोक सात हजाराची बॅटरी घेऊन जातात.

आन् हात जोडून सांगतो, चालू गाडीचं टर्मिनल काढून डायनामो बगायचा धंदा करू नका. जुन्या गाडीला चालून जायचं. आताच्या गाडीत कॉम्प्युटर हाय. टर्मिनल काढलं की व्होल्टेज उसळी मारतंय, डायनामोचे डायोड जातात, ईसीएम म्हणजे तो कॉम्प्युटरच जातोय. ते बॅटरीच्या कितीतरी पट महाग.

टॉवेलवाली:
तारवाला दादांना +१. वाचनखूण साठवली.

कांदालाईन:
तारवाला आण्णा, मनापासून आभार. मीटर आणला, शेजारच्या पोराला बसवून सेल्फ मारायला लावला. सकाळी उभ्या गाडीला ११.९. सेल्फ मारताना ८.७ पर्यंत खाली गेलं. धक्का मारून चालू केल्यावर लाईट लावून १४.२. म्हणजे डायनामो ठीक ना? अर्थिंगचं माप ०.२ आलं.

बॅटरीवर लिहिलंय ५५बी२४आर. आणि एक गंमत सांगतो. ट्रेमध्ये बॅटरीच्या बाजूला चांगली चार बोटं जागा रिकामी आहे, तिथं जुन्या टायरच्या ट्यूबची घडी कोंबलेली आहे. वरची पट्टी नाहीच, सायकलच्या ट्यूबनं बांधलंय.

तारवाला:
हा बगा, चोर घावला. ती पिकअपची बॅटरीच न्हाई. पेट्रोल कारची हाय. आदीच्या मालकानं गाडी विकायच्या वक्ताला स्वस्तात भागवली.

तो आकडा कसा वाचायचा सांगतो. पयला आकडा ५५ म्हणजे ५५ अँपिअर न्हवं, तो ताकदीचा एक क्रमांक हाय. ५५बी२४ मधी अँपिअर-अवर साधारण पंचेचाळीस असतात. बी म्हणजे रुंदी, जवळपास १३ सेंटिमीटर. डी आलं की सतरा-साडेसतरा. २४ म्हणजे लांबी सेंटिमीटरमधी. शेवटचं एल का आर लई महत्त्वाचं. टर्मिनल आपल्या बाजूला करून उभं रायचं. निगेटिव्ह डाव्या हाताला तर एल, उजव्या हाताला तर आर. चुकीचं आणलाव तर वायर पोचत न्हाई, मग पोरं वायर ओढून-ताणून लावतात आन् बॉनेटला घासून शॉर्ट होतंय.

आता तुमच्या ट्रेचं माप घ्या. लांबी, रुंदी, वर बॉनेटपतुर उंची. ट्रेच सांगतोय कंपनीनं काय बसवलं होतं. गाडीचं पुस्तक असलं तर त्यातबी लिहिलेलं असतंय.

माळरान:
म्हणजे शंभरची नको?

तारवाला:
बसत असली तर घ्या की, कोण नको म्हणतंय. मोठी बॅटरी डायनामोला भरत न्हाई असं लोक म्हणतात ते खरं न्हाई. जेवढं काढलाव तेवढंच परत भरायचं असतंय. पण ट्रॅक्टरची बॅटरी त्या ट्रेत बसंना, मग ट्रे कापायचा, वेल्डिंग मारायचं, पट्टी लावायला जागा न्हाई. बॅटरी आत हलत राहिली की प्लेटांवरचा माल झडून तळाला साचतोय, एक दिवस सेल शॉर्ट. आपल्याकडचे गावाकडचे रस्ते तुम्हाला म्या काय सांगू.

आन् तुमचं मूळ दुखणं अजून घावलंच न्हाई. बॅटरी लहान हाय हे कबूल, पण रातभरात ११.९ कशानं झाली? करंट गळतीचं माप कुठाय?

कांदालाईन:
ते कसं घ्यायचं ते नीट कळलं नाही म्हणून राहिलं. रात्री लाईनीत गाणी लावतो हे खरं आहे. पण परवा गाडी दोन दिवस नुसती दारात उभी होती, टेप बंद, तरी तेच.

पुणेकर_सध्या:
मी सांगतो. चावी काढा, दारं बंद, केबिनचा दिवा बंद. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सोडवा. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर मध्ये जोडा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सोडवलेल्या क्लॅम्पला. पाच-दहा मिनिटं थांबा, कारण कॉम्प्युटर झोपायला थोडा वेळ घेतो. त्यानंतर ०.०३ ते ०.०५ अँपिअर दिसलं तर ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल तिथं चोर.

मीटर असा जोडलेला असताना चावी लावू नका आणि सेल्फ तर अजिबात मारू नका. सेल्फ शेकड्यांत अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तत्काळ जाईल. स्वस्त मीटरला फ्यूज नसला तर मीटरच जाईल.

कांदालाईन:
०.६२ आलं! सगळे फ्यूज काढले तरी तेवढंच. मग बघितलं तर सीटमागच्या अँप्लिफायरची वायर फ्यूज बॉक्समध्ये न जाता थेट बॅटरीवर आणलेली आहे. ती काढल्याबरोबर ०.०४.

बाळीवेस:
पिकअपमध्ये अँप्लिफायर. कांदा ऐकतो वाटतं गाणी.

कांदालाईन:
आधीचा मालक गणपतीत साउंड सिस्टीम भाड्यानं द्यायचा. मी म्हटलं आयतं मिळालंय तर असू दे.

पुणेकर_सध्या:
हिशोब करा. पंचेचाळीस अँपिअर-अवरची बॅटरी, ०.६ अँपिअरची गळती. पूर्ण भरलेली असली तरी ७५ तासांत कोरडी. सेल्फ मारायला निदान अर्ध्याच्या वर बॅटरी लागते, म्हणजे दीड दिवस. दोन दिवस उभी राहिली की झालंच. शंभरची टाकली असती तरी तीन-चार दिवसांनी हीच बोंब, फक्त महाग.

तारवाला:
बरोब्बर. अँप्लिफायरची जी बारीक 'रिमोट'ची तार असतीया ती टेपला जोडायची, म्हणजे टेप बंद तर तो बंद. तुमच्या गाडीत ती डायरेक्ट प्लसला जोडली असणार. वायरमनकडं जाऊन ती टेपवर घ्या आन् मेन तारेला बॅटरीजवळ फ्यूज लावून घ्या. बिनफ्यूजची जाड तार सीटखालून गेलीया म्हणजे बॅटरी राहू द्या, गाडीच पेटल.

टॉवेलवाली:
आता खरेदीचं बोलू का? आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या गाठी नेणाऱ्या दोन पिकअप आहेत. हिशोब मी बघते, ड्रायव्हरना बॅटरीशी देणंघेणं नसतं, म्हणून माझी मतं थोडी कोरडी वाटतील.

कंपनीवरून इथे पन्नास प्रतिसाद पडतील. माझ्या मते मोठ्या चार-पाच नावांत फार फरक नाही. एसएफ सोनिक हे एक्साइडचंच दुसरं नाव आहे. एक्साइडचे कारखाने महाराष्ट्रातच चिंचवड, तळोजा आणि नगरला आहेत. टाटा ग्रीन रांजणगावला बनते. अमरॉन आंध्रातल्या अमर राजाची. सगळ्या वापरल्या आहेत, सगळ्या चालल्या आहेत, सगळ्या गेल्याही आहेत. मी कंपनी निवडतच नाही, दुकान निवडते. बॅटरी गेल्यावर दोन दिवस तपासणीला ठेवून घेताना जो बदली बॅटरी देतो त्याच्याकडून घ्यायची. गाडी दोन दिवस उभी राहिली तर माझं भाडं जातं, ते वॉरंटीत मिळत नाही.

दुसरं, उत्पादनाची तारीख. बॅटरी दुकानाच्या फळीवर नुसती बसूनही उतरते, उन्हाळ्यात लवकर उतरते. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मी घेत नाही. तारीख कुठे वर कोरलेली असते, कुठे कोडमध्ये असते. दुकानदाराला तो कोड वाचून दाखवायला लावायचा. आणि देताना व्होल्ट मोजून घ्यायचे. १२.५ च्या खाली असेल तर 'चार्ज करून द्या, संध्याकाळी नेते' म्हणायचं.

तिसरं, वॉरंटी. '२४ अधिक २४' वाचून चार वर्षं असं समजू नका. पहिल्या चोवीस महिन्यांत गेली तर फुकट बदलून. पुढच्या चोवीसमध्ये फक्त सूट, आणि ती सूट बहुतेक वेळा छापील किमतीवर असते. दुकानात तीच बॅटरी छापील किमतीपेक्षा आधीच स्वस्त मिळत असते. त्यामुळे शेवटी शेवटी हातात काहीच उरत नाही. मी दुसऱ्या चोवीसला हिशोबात शून्य धरते. शिवाय भाड्याच्या गाडीला वॉरंटी वेगळी असू शकते, कार्डावर वाचा. कार्डावर शिक्का, तारीख, गाडी नंबर. पक्कं बिल घ्या. सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुनाच भाव कुणी लावत असेल तर विचारा.

माळरान:
ताई, मेंटेनन्स फ्री का पाण्याची?

टॉवेलवाली:
माझ्याकडे मेंटेनन्स फ्री. कारण ड्रायव्हर पाणी घालत नाहीत हे मला अनुभवानं माहीत आहे.

माळरान:
मी मात्र झाकणं उघडणारीच घेतो. आपल्या उन्हात पाणी उडतंच, नाव काहीही असो. झाकण उघडत असलं तर आत बघता तरी येतं. बंद डब्यात काय चाललंय कळत नाही.

टॉवेलवाली:
बॅटरीवरचा, चार्ज आहे की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा बघायचा ना.

तारवाला:
ताई, तो हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलमधी असतोय. बाकीच्या पाचांत काय चाललंय ते तो सांगत न्हाई. डोळा हिरवा आन् सेल्फ फिरंना, अशा किती बॅटऱ्या बगितल्या. मीटरवर विश्वास ठेवा.

माझं विचाराल तर ज्याची गाडी त्यानं स्वतः बगायची असंल तर पाण्याची घ्या, महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी झाकण उघडा. गाडी दुसऱ्याच्या हातात असंल तर ताई म्हणतात तसं. हिरव्या डोळ्यावरनं भांडण नको.

आन् पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड न्हवं. उडतंय ते पाणी, ॲसिड आतच असतंय. वरनं ॲसिड घातलाव तर प्लेटा जळतात. बोअरचं तर नावच काढू नका, आपल्याकडच्या बोअरचं पाणी घागरीला पांढरं कडं धरतंय, बॅटरीत काय करंल.

बाळीवेस:
आरओचं? एसीचं थेंब थेंब पडणारं?

तारवाला:
आरओमधी क्षार शिल्लक राहतात, चव लागावी म्हणून ठेवलेलेच असतात. एसीचं पाणी धूळ, तांब्याचा गंज घेऊन येतंय. वीस-तीस रुपयाच्या बाटलीसाठी कशाला डोकं लावायचं.

अर्थिंग:
मी बॅटरीच्याच धंद्यात आहे, त्यामुळे दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल. दोन गोष्टी राहिल्या.

सुकी चार्ज केलेली बॅटरी घेतलीत तर दुकानात ॲसिड भरतात. भरल्याबरोबर गाडीत टाकू देऊ नका. अर्धा तास प्लेटांना ॲसिड पिऊ द्यायचं, मग थोडा वेळ चार्जरवर. गर्दीच्या वेळी आमच्यातले काही जण हे टाळतात, आणि अशी बॅटरी आयुष्यभर अर्धपोटी राहते.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो वजनावर दोन रुपये जास्त देईल, पण ॲसिड नाल्यात ओतून प्लेटा उघड्यावर वितळवतात. शिसं आहे ते, पोराबाळांच्या अंगात जातं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं, म्हणून तर एक्सचेंजला एवढा भाव मिळतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. दुकानदाराला जुनी दिली की ती त्या साखळीत जाते. घासाघीस मात्र जरूर करा. एक्सचेंजचा आकडा वेगळा लिहून मागा, कारण 'नवी सहा हजार' आणि 'जुनी धरून सहा हजार' यात ग्राहक नेहमी गोंधळतो. गोंधळावा म्हणूनच तसं सांगतात.

पुणेकर_सध्या:
रिबिल्ट बॅटरीबद्दल काय मत? निम्म्या भावात मिळते म्हणतात.

तारवाला:
जुन्या डब्यात नव्या-जुन्या प्लेटा घालून देतात. कुणाची सहा महिने चालतीया, कुणाची सहा दिवस. विकायच्या गाडीला टाकतात लोक. तेच तर कांदावाल्या मालकांच्या नशिबी आलं.

हिरवीगार_रिक्षा:
घरची इनव्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी आहे, दीडशे अँपिअरची, इनव्हर्टर गेल्यापासून नुसती पडून आहे. ती पिकअपमध्ये चालेल का? मालकांनी उगाच खर्च करू नये म्हणून विचारतो.

अर्थिंग:
नाही. ट्युब्युलरच्या प्लेटा जाड असतात, हळूहळू तासन्‌तास करंट द्यायला बनवलेल्या. सेल्फला दोन-तीन सेकंद पण एकदम प्रचंड करंट लागतो, त्याला पातळ आणि जास्त प्लेटा लागतात. शिवाय ती उंचीला बॉनेटखाली मावणार नाही आणि पन्नास किलोच्या आसपास वजन. उलटंही करू नका. गाडीची बॅटरी इनव्हर्टरला लावली की रोज खोल उतरून काही महिन्यांत संपते.

कांदालाईन:
मंडळी, काम झालं. ट्रे मोजला, लांबी साडेसव्वीस, रुंदी अठराच्या जवळ. ८०डी२६आर घेतली, अँपिअर-अवर अडुसष्ट. झाकणं उघडणारी, कारण गाडी माझी मीच चालवतो. दुकानदार आधी पाच महिन्यांपूर्वीची देत होता, टॉवेलवाली ताईंचं ऐकून कोड वाचायला लावला, मग आतून दुसरी आणली. कंपनी लिहीत नाही, इथे पुन्हा महाभारत नको.

ट्रेला नवी पट्टी आणि दोन लांब बोल्ट लावले. अँप्लिफायर काढून ठेवला. सकाळी १२.६ दाखवतंय, रात्री लाईनीत दोन-तीन तास टेप लावूनसुद्धा.

एक शंका. क्लॅम्पवर परत पांढरं पीठ धरू नये म्हणून काय लावायचं? मेकॅनिकनं ग्रीस चोपडलं आहे.

तारवाला:
आदी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आदी, निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी पडत न्हाई. हातातली अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवा. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून ओता, पीठ फसफसून निघून जातंय. पाणी झाकणातनं आत जाऊ देऊ नका. कोरडं झालं की पॉलिश पेपर मारा, क्लॅम्प घट्ट करा, मग वरनं व्हॅसलिन. आतल्या बाजूला काय बी लावायचं न्हाई, धातूला धातू भिडला पायजे. ग्रीस वितळून खाली येतंय, धूळ धरतंय, तेवढ्यासाठी नको.

आन् चार्जिंगच्या वेळी बॅटरीपाशी बिडी न्हाई. वायू निघतोय त्यातनं, उडतीया बॅटरी. म्या एकाचा शर्ट चाळणी झालेला बगितलाय, डोळे वाचले त्याचं नशीब.

कांदालाईन:
कळलं. उद्याच करतो.

सहाचाकी:
धागा उशिरा वाचला. थोडं विषय सोडून आहे पण विचारतो. आमची मोठी गाडी, चोवीस व्होल्टची, दोन बॅटऱ्या. हैदराबाद रोडला चालते. नेहमी एकच बॅटरी जाते, दुसरी ठणठणीत असते. दरवेळी गेलेली तेवढी बदलतो. असं का होतं?

तारवाला:
टेप, मोबाईल चार्जर, पंखा हे बारा व्होल्टचं कुठनं घेतलाव? एकाच बॅटरीवरनं ना?

सहाचाकी:
हो, ड्रायव्हरनं घेतलंय एका बॅटरीवरून. सगळेच घेतात.

तारवाला:
सगळेच घेतात आन् सगळ्यांचीच जाती. दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. डायनामो दोघींना मिळून अठ्ठावीस व्होल्ट देतोय, त्याला वेगळं दिसत न्हाई. एकीवरनं टेप चालतोय, ती उतरतीया, अठ्ठावीसमधले कमी व्होल्ट तिच्या वाट्याला येतात. उरलेले जास्त व्होल्ट दुसरीला, ती उकळतीया. एक उपाशी, एक अजीर्ण.

चोवीसचं बारा करायचा कन्व्हर्टर बसवा, टेप-चार्जर त्यावर घ्या. आन् बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जमल्यास एकाच महिन्यात बनलेल्या. जुनीला नवी जोडली की नवी लवकर म्हातारी होतीया.

सहाचाकी:
जुनीतली जी चांगली आहे तिचं काय करू?

अर्थिंग:
भरून घ्या, दोन दिवस ठेवून व्होल्ट बघा. टिकली तर एखाद्या बारा व्होल्टच्या गाडीला, जनरेटरला लावा. एक्सचेंजला दिली तरी भाव मिळतो.

सहाचाकी:
कन्व्हर्टर किती अँपिअरचा घेऊ?

तारवाला:
टेपचा फ्यूज काढून बगा. दहाचा असला तर पंधराचा कन्व्हर्टर घ्या, पंखा आन् चार्जर त्यातच निघतात. बॉडीला स्क्रूनं बसवा, सीटखाली कापडात गुंडाळून ठेवू नका, तापतोय तो.